मुंग्या मी पाहिल्या होत्या

माझं लहानपण हैदराबादच्या काचीगुड्यात गेलं, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. घरापुढे शहाबादी फरशीचं एवढंसं अंगण, त्यात एक तुळस आणि भावाची सायकल. पायाला माती लागायची ती शाळेच्या मैदानात, तेवढीच. त्यामुळे माझ्या निवृत्तीनंतर मुलाने शहराच्या कडेला घर घेतलं आणि घरापुढे दोन खोल्या मावतील एवढी मोकळी जागा निघाली, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. बायको म्हणाली, वांगी-मिरच्या लावू. मी म्हणालो, लॉन.

नर्सरीतून टेम्पोने गवत आलं. चटयांसारखं मापात कापलेलं, गुंडाळलेलं. मी स्वतः उभं राहून ते अंथरून घेतलं. पहिलं वर्षभर मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यावर अनवाणी फिरत असे. काचीगुड्याची जुनी मंडळी भेटायला आली की त्यांना चपला काढायला लावून दोन फेऱ्या मारायला लावत असे. "बघा, कसं थंड लागतं पायाला," असं म्हणायचो. आता आठवलं की कसंसंच होतं, पण तेव्हा त्या गवताचा मला खरोखर अभिमान होता.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर मुंग्या दिसू लागल्या. आधी मातीचे लहान ढीग. वर भोक वगैरे काही नाही, नुसती चाळून ठेवल्यासारखी भुसभुशीत माती. त्यावर चुकून पाय पडला तर क्षणभर काहीच होत नाही. मुंग्या आवाज न करता घोट्यापर्यंत चढतात आणि मग सगळ्या जणू एकदमच चावतात. लाल मुंग्या मी आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण या वेगळ्या. विस्तवाची ठिणगी पडावी तशी आग व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चाव्यावर पांढरा पुवाचा ठिपका. बायकोचे पाय आठ दिवस सुजले होते. नातीला आम्ही लॉनवर सोडणंच बंद केलं.

मी इलाज सुरू केले. उकळतं पाणी ओतलं, तर गवत गोल गोल जळालं आणि मुंग्या दोन फुटांवर जाऊन बसल्या. हळद झाली, हिंग झाला, रॉकेल झालं. शेवटी बेगम बाजारात गेलो. तिथल्या एका दुकानदाराने कागदाच्या पुडीत पांढरी पावडर बांधून दिली. "ऊपर से डाल देव साब, सब साफ," असं म्हणाला. मी टाकली. दुसऱ्या दिवशी ढिगावर मेलेल्या मुंग्यांचा थर बघून मला इतका आनंद झाला की मी घरात सगळ्यांना बोलावून ते दाखवलं. चार दिवसांनी कुंपणाच्या कडेला नवा ढीग आला.

आमच्याकडे एक म्हातारा माळी यायचा. त्याला दोनदा सपाटून चावल्या. तिसऱ्या खेपेला तो फाटकातूनच म्हणाला, "मुझसे नै होता साब," आणि गेला तो गेलाच. त्यानंतर आणखी दोघांना मी बोलावलं. दोघांनाही प्रामाणिकपणे ढीग दाखवले. एकाने तोंडावर हसून नाही म्हटलं. दुसरा म्हणाला, "पैले चींटियों का कुछ करो साब, फिर बुलाव." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी त्यातून जो धडा घेतला तो असा, की खरं सांगितलं तर माणूस थांबत नाही.

इकडे लॉनमध्ये लव्हाळा माजला होता. नातीचा पहिला वाढदिवस दोन आठवड्यांवर आलेला. मुलगा आणि सून हॉल घ्यायचं म्हणत होते. मीच अडून बसलो होतो की घरापुढे एवढी जागा असताना हॉल कशाला, खुर्च्या मांडू, दिव्यांच्या माळा लावू. माझ्या ऑफिसातले जुने लोक येणार होते. त्यांना ते लॉन दिसायला हवं होतं. खरं कारण ते होतं. नात तर लॉनवर पायही ठेवणार नव्हती.

शेजारच्या इमारतीच्या वॉचमनने एका बाईला पाठवलं. जवळच्या वस्तीत राहणारी, महबूबनगरकडून आलेली, पंचेचाळीशीची, काटक. शेतावर काम केलेली होती. आमच्या भागात अशा बायकांना सगळेच अम्मा म्हणतात, मीही म्हणू लागलो. ती मला सार म्हणायची. तिचं स्वतःचं खुरपं होतं, फडक्यात गुंडाळून आणायची. पहिल्या दिवशी तिने घरामागची पट्टी काढली. लव्हाळा वरवर ओढत नव्हती. खुरप्याचं टोक खोल घालून खालच्या काळ्या गाठीसकट उपटायची आणि गाठी वेगळ्या घमेल्यात टाकायची, कारण त्या मातीत राहिल्या तर पुन्हा उगवतात. बायको खूश झाली. "ही टिकली पाहिजे हो," असं म्हणाली. पुढचं लॉन दोन दिवसांनी करायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी चहा घेऊन बाहेर आलो. जास्वंदीच्या झुडपाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, गवत जरा उचलल्यासारखं दिसलं. मी काटकीने टोचलं. माती उकळी आल्यासारखी हलली आणि काटकीवरून मुंग्या माझ्या बोटांकडे धावल्या. मी काटकी टाकली. तीनच दिवसांपूर्वी मी तिथून चार हातांवर पावडर टाकली होती. म्हणजे त्या सरकून इथे आल्या होत्या.

मी तिथेच उभा होतो. मागून बायको आली.

"काय बघताय?"

"काही नाही."

तिने मी बघत होतो तिकडे पाहिलं. "आज अम्मा येणार आहे ना?"

"हो, येईल साडेआठला."

ती आत गेली. मी पायाने दोन-चार जास्वंदीची वाळकी पानं त्या कोपऱ्यावर सारली. हे मी का केलं असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येणार नाही. झाकण्यासाठी केलं, असं सरळ म्हणावं लागेल.

अम्मा वेळेवर आली. साडी वर खोचली, चपला पायरीशी काढल्या, खुरपं फडक्यातून काढलं. बसण्याआधी तिने लॉनकडे एक नजर टाकली आणि मला विचारलं, "सार, इसमें चीमलु हैं क्या?"

चीमलु म्हणजे तेलुगूत मुंग्या. मी गप्प राहिलो तसं तिला वाटलं मला कळलं नाही. ती म्हणाली, "चींटियां, सार. वो पैले वाला माली बोला, भौत हैं करके."

"थे," मी म्हणालो. "अब नै. मैं दवा डाला. सब मर गए."

"अच्छा सार," ती म्हणाली आणि बसली.

एवढंच बोलणं झालं. दोन-चार वाक्यं. त्यानंतर तिला सांगायला माझ्याकडे भरपूर वेळ होता. ती फाटकाच्या बाजूने सुरुवात करून त्या कोपऱ्याकडे सरकणार होती, म्हणजे दीड तास तरी. "तेवढा कोपरा सोड" असं म्हणायला काय लागतं? मी तसा विचार केलाही. मग मला वाटलं, कोपरा का सोडायचा हे ती विचारेल. मग बाकीच्या लॉनबद्दलही तिला शंका येईल. मग ती उठून जाईल. आणि या सगळ्याच्या खाली आणखी एक विचार होता, तो लिहायला माझा हात चालत नाही, पण लिहितो. मला वाटलं, शेतात जन्म गेलेल्या बाईला चार मुंग्यांचं काय एवढं. त्यांची कातडी आपल्यासारखी नसते.

मी व्हरांड्यात पेपर घेऊन बसलो. ती अर्ध्यावर आली तेव्हा मी खुर्ची उचलून आत नेली.

सव्वादहाच्या सुमारास बाहेरून "अय्यो" असा आवाज आला आणि पाठोपाठ हसणं. अम्मा उड्या मारत साडी झटकत होती आणि स्वतःलाच हसत होती. मी बाहेर आलो. आणि मी विचारलं, "क्या हुआ अम्मा?"

त्या सगळ्या प्रकरणात माझ्या तोंडून जे जे निघालं त्यात हे मला सगळ्यात जास्त टोचतं. घाबरून नव्हे, चांगल्या आश्चर्याच्या सुरात विचारलं मी. भुवया वर करून.

"कुछ नै सार, चीमलु," ती म्हणाली. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आणि उजवा हात कोपरापर्यंत लाल झाला होता. ती झुडपाखाली हात घालून पानं बाजूला करायला गेली होती. नळाखाली तिने पाय धुतले. बायकोने बर्फ आणला, कापडात बांधून तिच्या हातावर धरला. अम्मा म्हणत होती, "कुछ नै होता मां, आदत है हमको." मला जरा हायसं वाटलं. बघा, तिला सवय आहे, असं मी मनात म्हणालोसुद्धा.

दहा मिनिटंही झाली नसतील. ती तळहात खाजवू लागली, मग मान. मानेवर पित्ताच्या गांधी उठल्या, त्या बघता बघता गालावर आल्या. ओठ सुजले. ती पायरीवर बसली आणि बायकोला काहीतरी सांगू लागली, पण आवाज घोगरा येत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "गला," ती म्हणाली, "गला बंद होरा." आणि तिने भिंतीला डोकं टेकलं.

"गाडी काढा!" बायको माझ्यावर ओरडली. सदतीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती. मी किल्ली शोधत घरभर फिरलो. किल्ली माझ्या खिशात होती.

दवाखाना आमच्या घरापासून लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता. मागच्या सीटवर अम्माचं डोकं बायकोच्या मांडीवर. बायको तिला तुटक्या तेलुगूत म्हणत होती, बोलत राहा अम्मा, डोळे मिटू नका, मुलीचं नाव काय, ती काय शिकते. अम्माचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा येत होता. मी आरशात बघत नव्हतो. बघायला हवं होतं, पण बघितलं नाही.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने अम्माकडे एकदा पाहिलं आणि प्रश्न न विचारता मांडीत इंजेक्शन दिलं. ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. आम्ही पडद्याबाहेर उभे. हळूहळू ती शिट्टी कमी झाली. अर्ध्या तासाने डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, आता ठीक आहे, पण रात्रभर इथेच ठेवू, परत उलटू शकतं. आणखी थोडा उशीर केला असता तर अवघड होतं. मग हातातल्या कागदावर लिहिता लिहिता तिने विचारलं, "नेमकं काय चावलं? तुमच्याकडे अशा मुंग्या आहेत हे माहीत होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "काही कल्पनाच नव्हती."

माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. एखादी गोष्ट माहीत असूनही "निदर्शनास आली नाही" असं इंग्रजीत कसं लिहायचं हे मला झोपेतही येतं. तसंच सहज हे निघालं. बायको शेजारीच होती. तिच्या हातात अम्माच्या चपला होत्या. घाईत तिने त्या कधी उचलल्या कुणास ठाऊक. ती माझ्याकडे बघत होती.

दुपारी अम्माची मुलगी आली. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेजातून धावतच आली होती, पाठीला बॅग तशीच. आईला पाहून बाहेर आली आणि माझ्या पायांशी वाकली. "थँक्यू अंकल. आप टाइम पे लेके आए, नै तो मेरी मां..."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अरे बेटा," मी म्हणालो, "ये तो हमारा फर्ज है."

कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर संध्याकाळी कुणीतरी लिहिलं की आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ रहिवाशांनी कामवाल्या बाईचा जीव वाचवला. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. मी त्यावर लिहिलं, "कुणीही हेच केलं असतं."

दुसऱ्या दिवशी अम्मा घरी गेली. वाढदिवस हॉलमध्ये करायचं मुलाने ठरवून टाकलं आणि मी हूं की चूं केलं नाही. त्या दिवशी जेवताना बायको भात कालवता कालवता म्हणाली, "त्या सकाळी मी पण पाहिलं होतं ते. मला वाटलं तुम्ही सांगाल तिला."

मी मान खाली घालून जेवत राहिलो. तिला कदाचित मी काहीतरी बोलावं असं वाटत असेल. ती स्वतःलाही दोष देत होती आणि मी तिला तो घेऊ देत होतो.

आठवड्याने आम्ही दोघं फळं घेऊन वस्तीत तिच्या घरी गेलो. मी मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. अम्मा बाजेवर बसली होती. पायांवरचे फोड वाळून काळे पडले होते. आम्हाला बघून शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. अम्मा त्यांना तेलुगूत सांगू लागली, हे ते सार, यांनीच गाडीतून नेलं. त्यातल्या एकीने विचारलं, मग घरात एवढ्या मुंग्या होत्या तर यांना दिसल्या नाहीत का?

अम्मा चिडलीच तिच्यावर. "त्यांना कसं माहीत असणार? त्यांनी औषध टाकलं होतं. बिचारे, किती घाबरले होते त्या दिवशी."

मला तेलुगू चांगलं समजतं. अम्माला ते माहीत नव्हतं, की माहीत होतं, कोण जाणे. मुलीने चहा आणला. मी तो प्यायलो. मुलीला परीक्षा कधी आहे, विषय कोणते आहेत, पुढे काय करणार, हे सगळं विचारलं. आम्ही उठलो, अम्माने हात जोडले, मीही जोडले. परत येताना गाडीत बायको खिडकीबाहेर बघत होती. घर आलं तेव्हा ती आधी उतरली आणि दार माझ्यासाठी उघडं न ठेवता आत गेली.

मुंग्या तशाच होत्या. त्यांचं काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी गवत जिथून आणलं होतं त्या नर्सरीत गेलो. तिथला मालक म्हातारा आहे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रोपांना पाइपने पाणी घालत होता. मी पावडरचं सांगितलं तसा तो हसला.

"ऊपर डाले तो ऊपर वाले मरते साब. रानी नीचे आराम से बैठी रैती. आप छेड़े, तो वो घर बदल देती."

मग त्याने मला नीट समजावलं. दाणे मिळतात, मुंग्यांना खाऊ वाटेल असे. ते ढिगावर टाकायचे नाहीत, ढिगाच्या भोवती हातभर अंतरावर पसरायचे. आधी बिस्किटाचा तेलकट तुकडा ठेवून बघायचा, मुंग्या त्याच्यावर आल्या म्हणजे त्या भुकेल्या आहेत, मगच टाकायचे. दोन दिवस पाणी घालायचं नाही, दाणे भिजले की त्या उचलत नाहीत. ढीग अजिबात हलवायचा नाही. त्या स्वतःच ते विष उचलून आत नेतात आणि राणीला भरवतात. तीन आठवडे लागतात, घाई करायची नाही.

मी दाणे घेतले. निघताना सहज विचारलं, "पण या आल्या कुठून? आधी नव्हत्या."

"लॉन के साथ आते साब, मिट्टी में," तो इतक्या सहजपणे म्हणाला की मला आधी कळलंच नाही. "भौत लोगां के घर आते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी मराठीतच बोलून गेलो, मग इथल्या दखनी हिंदीत विचारलं, "तुम को मालूम था? तो बोले कायकू नै?"

त्याने पाइप दुसऱ्या रोपाकडे वळवला. "आप पूछे नै, हम बोले नै."

मला राग आला. कानशिलं तापली. मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, तोंड उघडलंही होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझ्यापेक्षा बरा आहे. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

मी गाडीत येऊन बसलो. किती वेळ बसलो ते आठवत नाही. मग घरी न जाता तसाच वस्तीकडे गेलो.

अम्मा दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मला एकट्याला बघून ती उठू लागली, मी बसा म्हणालो. बाज रिकामी होती, पण मी तिच्यासमोर उंबऱ्याशीच टेकलो.

"अम्मा," मी म्हणालो, "उस दिन मेरे को मालूम था."

"क्या मालूम, सार?"

"चींटियां थे उधर. मैं सुबह देखा था. सात बजे. तुम पूछे, तो मैं झूठ बोला."

तिचा हात सुपात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नीट ऐकू न आल्यासारखं. मला वाटलं तिला पुन्हा सांगावं लागणार.

"पूछी थी ना सार मैं," ती म्हणाली.

"हौ."

"पूछी तो बोलना था ना. मैं पैरां को प्लास्टिक बांध लेती थी. नै तो वो कोना छोड़ देती थी."

"मेरे को लगा तुम चली जाते," मी म्हणालो. "काम छोड़ के."

"कां जाती सार मैं?" ती म्हणाली.

खरंच, कुठे जाणार होती ती? मी खरं सांगितलं असतं तरी लॉन झालंच असतं. पायांना पिशव्या बांधून तिने ते केलं असतं, आणि मी ज्यासाठी खोटं बोललो ते मला काही न गमावता मिळालं असतं. एवढा हिशेबही मला आला नव्हता.

आतून मुलगी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अंकल," ती म्हणाली, "मैं आपके पांव पड़ी थी."

अम्मा तिला तेलुगूत हळूच म्हणाली, "ऊरुको." म्हणजे गप्प बस. पण मुलीकडे बघून नाही, तांदळाकडे बघून.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. हिंदीत म्हणालो की मराठीत, मला आठवत नाही. "मला माफ करा," हेही म्हणालो. अम्मा पुन्हा तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "आप जाइए अंकल." मी उठलो. माझ्या पँटला मागे तांदळाचा भुसा लागला होता, तो झटकायलाही मला अवघड वाटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं, सांगून आलो म्हणून. तिने सगळं विचारलं, कोण काय म्हणालं, अम्माची तब्येत कशी दिसत होती. मग म्हणाली, "डॉक्टरांना खोटं सांगितलंत तेव्हा मला तुमची भीती वाटली होती." आणि कुकर लावायला गेली.

संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो लॅपटॉप बंद करून ऐकत होता. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही?" त्याच्या त्या दोन शब्दांत माझ्याबद्दलची जी समजूत होती, ती त्या दिवशी गेली. तो माझ्याशी पहिल्यासारखाच वागतो. पण मला कळतं.

दाण्यांचा इलाज लागू पडला. मी ते स्वतः टाकले, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. तीन आठवड्यांनी कोपऱ्यातला ढीग टोचला तर माती नुसतीच सांडली. अजून अधूनमधून कुठेतरी एखादा नवा ढीग दिसतो, मग मी पुन्हा बिस्किटाचा तुकडा घेऊन बसतो. लव्हाळाही मीच काढतो, अम्मा काढायची तसा, गाठीसकट. तासाभरात कंबर भरून येते.

अम्मा आमच्याकडे पुन्हा आली नाही. मी निरोपही पाठवला नाही. निरोप कुठल्या तोंडाने पाठवणार? आमच्याच गल्लीत पलीकडच्या दोन घरी ती काम करते. समोर आली की "नमस्ते सार" म्हणते. तिने ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, एवढं नक्की, कारण कॉलनीतले लोक मला अजून वाकून नमस्कार करतात. तिच्या पर्समध्ये आता डॉक्टरिणीने दिलेलं एक कार्ड असतं, काय चावलं तर काय होतं ते लिहिलेलं. बायकोला तिने ते एकदा रस्त्यात दाखवलं होतं.

कॉलनीच्या गटावर खरं लिहायचं मी अनेकदा ठरवलं. एकदा इंग्रजीत चार ओळी लिहून झाल्या होत्या. पाठवायच्या आधी पुन्हा वाचल्या आणि पुसून टाकल्या. आता हे मराठीत लिहितो आहे. आमच्या कॉलनीत आमच्याखेरीज एकही मराठी घर नाही, आणि माझा मुलगा मराठी बोलतो, वाचत नाही. मी हे कोणत्या भाषेत लिहायचं ठरवलं आणि का, ते मला कळतं.